गोळी परस्पर बंद करू नकोस

प्रिय मित्रा,

काल कालिन्याला कॅन्टीनबाहेर तू हळूच म्हणालास, "सर, आता बरं वाटतंय, चार दिवस झाले डिप्रेशनची गोळी सोडली." मला धस्स झालं. तुझे मित्र जवळ होते म्हणून तिथे बोललो नाही.

एमएच्या दुसऱ्या वर्षाला मीही हेच केलं होतं. दोन महिन्यांत झोप लागायला लागली, जेवण जायला लागलं, आणि मी डॉक्टरांना न विचारता गोळ्यांची पट्टी कपाटात टाकून दिली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दादरचा पूल चढताना मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायचं. मळमळ, चिडचिड. मला वाटलं, व्यसनच लागलं! डॉक्टरांनी समजावलं, हे व्यसन नव्हे. मेंदू औषधाला सरावलेला असतो, ते एकदम काढून घेतलं की असा गोंधळ होतो, म्हणून डोस हळूहळू उतरवायचा असतो. झटके थांबले, पण दीड महिन्याने तोच जुना अंधार परत आला आणि माझी अख्खी टर्म गेली.

या गोळ्यांचा गुण यायला 2 ते 4 आठवडे लागतात, पूर्ण परिणामाला 6 ते 8. बरं वाटू लागल्यावरही साधारण 6 महिने किंवा जास्त त्या चालू ठेवतात, कारण आजार त्या काळातच उलटण्याची भीती जास्त. आत्ता जे बरं वाटतंय, त्यात गोळीचाही हात आहे रे.

की सोडण्याचं कारण वेगळंच आहे? लैंगिक इच्छा मंदावते, हा या औषधांचा नेहमीचा त्रास. तुझ्या वयाची मुलं संकोचाने तो सांगत नाहीत, गोळीच सोडतात. डॉक्टरांना सांग. डोस किंवा औषध बदलता येतं. मधे कधी झोपेशिवायही भलताच उत्साह, पैशांची उधळपट्टी असे दिवस गेले असतील तर तेही सांग, त्याने उपचारच बदलतात.

आणखी एक, आणि हे मनापासून ऐक. पंचविशीच्या आतल्यांना सुरुवातीच्या आठवड्यांत किंवा डोस बदलताना जीव नकोसा वाटण्याचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2007 मध्ये 18 ते 24 वयासाठी तसा इशारा दिला. तसं काही मनात आलं तर रात्री दोनलाही मला उठव. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबरही मोबाइलमध्ये ठेव, तिथे मराठीत बोलता येतं.

आईला "वेड्यांचा डॉक्टर" हे शब्द खुपतात, ठाऊक आहे. तिच्याशी मी बोलेन, तू हो म्हणालास तरच.

आज डॉक्टरांना फोन कर. गोळी पुन्हा कशी सुरू करायची ते त्यांनाच विचार, मनाने दोन-दोन घेऊ नकोस. खासगी फी झेपत नसेल तर केईएम, नायर, सायन या पालिकेच्या तिन्ही रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. सोमवारी सकाळी आठला मी परळ स्टेशनवर थांबतो, केईएमला बरोबर जाऊ. जुनं प्रिस्क्रिप्शन आणि उरलेली पट्टी घेऊन ये.

तुझा,
सर