आमदारांच्या कचेरीत नव्याने लागलेल्या मुलीस

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. तू आमदारांच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या कचेरीत कामाला लागलीस हे कळलं, फार बरं वाटलं.

दारात सकाळपासून माणसं उभी असतात आणि त्यातल्या बहुतेकांचं काम आमदारांच्या हातात नसतंच, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. उताऱ्यावर नाव चढवणं तहसीलदारांकडे, जळालेला ट्रान्सफॉर्मर हेस्कॉम या वीज कंपनीकडे, गटार ग्रामपंचायतीकडे. तरी लोक तुमच्याकडे येतात, कारण तिथे त्यांना कुणी धड उत्तर दिलेलं नसतं. म्हणून एवढं मनावर घे: आलेला प्रत्येक अर्ज आज कुणाच्या टेबलावर आहे हे तुला ठाऊक पाहिजे, आणि त्या माणसाला शेवटचं उत्तर तुझ्याकडून गेलं पाहिजे. काम होणार नसेल तर तसं सांग, का होणार नाही तेही सांग. ‘साहेबांच्या कानावर घालते’ म्हणून वाटेला लावलेला माणूस पुढच्या सोमवारी पुन्हा रोजगार बुडवून येतो.

सगळ्यांना शिफारसपत्र हवं असतं. द्यावं, पण आधी विचारावं, सकालची पोच आहे का? सकाल म्हणजे सरकारी कामं मुदतीत करून देण्याचा कर्नाटकचा कायदा. 2011 च्या त्या कायद्याने जात-उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या कित्येक कामांना दिवस ठरवून दिले आहेत. पोचेवरचा नंबर हातात असला आणि मुदत उलटली असली, तर पत्राआधी वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येतं. लोकांना हे कुणी सांगत नाही. तू सांग.

अर्ज मराठीत आला तर तो मराठीतच पुढे जाऊ दे. घटनेच्या 350 व्या कलमाने राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क दिला आहे. त्यासोबत कन्नडमध्ये चार ओळींचा गोषवारा मात्र जोड, म्हणजे ‘समजलं नाही’ म्हणून कागद मागे येणार नाही. तुझं कन्नड चांगलं आहे, ते अशा वेळी आपल्या माणसांच्या उपयोगी पडू दे. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि आपल्या घराघरांत त्याबद्दल काय वाटतं ते तुला मी सांगायला नको. ती लढाई आपल्या जागी राहील. पण दारात आलेल्याची भाषा आणि त्याचं मत कुणाला पडलं, या दोन गोष्टी कधीही विचारू नकोस.

निधीचं म्हणशील तर आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला 2 कोटी रुपये मिळतात. आमदार कामं सुचवतात, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. खानापूर तालुक्यात दोनशेवर गावं आहेत. सारखे वाटले तर गावाला लाखभरही येत नाहीत. म्हणून पैसा न लागणारी कामं आधी शोध. एस.टी.चंच बघ. 2023 च्या जूनपासून शक्ती योजनेत बायकामुलींचा प्रवास मोफत झाला, फार चांगलं झालं, पण गाड्या खच्चून भरू लागल्या आणि मधल्या थांब्यावर गाडी थांबेनाशी झाली. कॉलेजला जाणाऱ्या पोरी हात करत उभ्या राहतात आणि पहिला तास बुडतो. अशा वेळी मोघम तक्रार करू नकोस. कुठल्या थांब्यावर किती मुलं, कॉलेज किती वाजता, आता गाडी किती वाजता येते, हे एका कागदावर मांड आणि आमदारांच्या सहीने डेपो व्यवस्थापकांना दे. गाडी अर्धा तास अलीकडे आणली तर एखाद्या मुलीचं शिक्षण टिकतं. मला विचारशील तर रस्त्याच्या उद्घाटनापेक्षा हे काम मोठं आहे.

पुराचं नीट लक्षात ठेव. 2019 च्या ऑगस्टमध्ये मलप्रभा, घटप्रभा, कृष्णा सगळ्याच फुगल्या, हजारो घरं पडली. पडलेल्या घरांचे ए, बी, सी असे वर्ग केले होते. ए वर्गाला 5 लाख, सी वर्गाला 50 हजार. पाहणीला आलेला माणूस भिंतींकडे बघून जो वर्ग लिहील त्यावर त्या कुटुंबाची पुढची दहा वर्षं ठरायची, आणि एकदा संगणकावर नोंद गेली की ती बदलायला जीव जातो. आमच्याकडची मातीची घरं पाणी आलं त्या दिवशी उभी असतात; ओल वर चढते आणि आठवड्याने भिंत बसते. पाहणी आधीच झालेली असेल तर तो माणूस मेला. म्हणून पाणी ओसरताच गावागावांत पोरांना फोन कर. तारखेसह फोटो काढा, पंचनाम्याच्या वेळी घरधनी हजर राहू दे, भिंत नंतर पडली तर त्याच दिवशी लेखी अर्ज द्या.

जंगलातल्या गावांची गोष्ट वेगळी. गवाळी, आमगाव, कृष्णापूर इथे पावसाळ्यात आजारी माणसाला खांद्यावरून आणावं लागतं. निधी असला तरी तिथे रस्ता होत नाही, कारण जमीन वनखात्याची आणि वर भीमगड अभयारण्य. 2006 च्या वनहक्क कायद्यात रस्ता, शाळा, दवाखाना, पिण्याचं पाणी अशा सोयींसाठी एक हेक्टरच्या आतली वनजमीन देण्याची तरतूद आहे, पण ग्रामसभेचा ठराव लागतो. अभयारण्यात वन्यजीव कायद्याची परवानगी आणखी वेगळी. तेव्हा त्या गावांना ‘रस्ता करून देऊ’ असं कुणालाही बोलू देऊ नकोस. ग्रामसभा बोलवा, ठराव कन्नड-मराठी दोन्हीत लिहा, आणि प्रस्तावाचा पाठपुरावा तू कर. तोवर पावसाळ्याआधी गरोदर बायकांची यादी आरोग्य खात्याकडे जाऊ दे आणि त्यांची सोय आधीच लाव.

डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की सगळ्यांची धावपळ उडते. त्याच्या बऱ्याच आधी तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती, असे नेमके प्रश्न तयार ठेव. सभागृहात आलेलं उत्तर लेखी राहतं, पुढच्या वर्षी तेच समोर ठेवता येतं.

केडीपीच्या, म्हणजे तालुक्यातल्या सगळ्या खात्यांच्या विकासकामांचा आढावा घेणाऱ्या, तिमाही बैठकीला आमदार अध्यक्ष असतात. मागच्या बैठकीचं इतिवृत्त काढून प्रत्येक खात्यापुढे काय राहिलं त्याची खूण कर आणि रविवारी घेऊन ये. दोघं बसून बघू.

तुझा,
काका