टीम लीडने स्वतःचे नकळत पूर्वग्रह कसे ओळखावेत?

आपण नुकतेच टीम लीड झाला आहात आणि मनातले नकळत पूर्वग्रह ओळखायचे कसे, त्यांचा कामावरचा परिणाम कमी कसा करायचा, असे आपण विचारले आहे. नवी मुंबईत महापे येथील एका कंपनीत मी बरीच वर्षे टीम सांभाळतो आहे. माझ्या अनुभवाने सांगतो की पूर्वग्रह मनात शोधून सापडत नाही; तो आपण लिहिलेल्या कागदांत सापडतो. मनाला विचारले तर ते 'मी सगळ्यांना सारखेच वागवतो' असे सांगते, आणि अगदी प्रामाणिकपणे सांगते.

माझ्या टीममधली एक मुलगी बाळंतपणाच्या रजेवरून परतली, तेव्हा रात्री साडेनऊचे परदेशी ग्राहकांचे कॉल मी दुसऱ्याकडे दिले. ती ठाण्यापलीकडच्या दिवा स्टेशनहून ये-जा करते, घरी तान्हे बाळ आहे, तिची ओढाताण नको, एवढाच हेतू होता. मार्चमध्ये अप्रेझलचा फॉर्म भरताना मात्र मीच लिहिले, 'ग्राहकांशी थेट बोलण्याचा अनुभव कमी.' एचआरमधल्या मॅडमनी विचारले, "कॉल तिने नाकारले होते का?" नाकारणार कशी? मी तिला विचारलेच नव्हते. नंतर विचारले तेव्हा ती म्हणाली, "सर, कॉल घरूनच घ्यायचे असतात ना? साडेनऊला बाळ झोपलेलं असतं."

त्यानंतर मी त्या वर्षीचे सगळे फॉर्म काढून वाचले. माझ्याच कॉलेजात शिकलेल्या, ठाण्यात राहणाऱ्या मुलाच्या उशिराला मी 'गाड्यांची अडचण' म्हटले होते आणि मुस्लिमबहुल मुंब्र्याहून येणाऱ्या मुलाच्या उशिराला 'शिस्तीचा अभाव'. प्रत्यक्षात दोघेही ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्सहार्बर मार्गाची एकच लोकल गाडी पकडत होते. हे वाचताना मला फार लाज वाटली.

हा केवळ माझ्यापुरता दोष नाही. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी भारतातील खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या आडनावांचे अर्ज पाठवून केलेला अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना सवर्ण हिंदू नावांच्या अर्जांपेक्षा बोलावणे येण्याची शक्यता कमी आढळली, म्हणजे मुलाखतीच्या आधीच चाळणी लागलेली होती. म्हणून आम्ही पहिल्या छाननीत नाव, पत्ता आणि कॉलेज झाकून अर्ज वाचतो. मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारतो, प्रत्येक जण चर्चेआधी आपले गुण लिहून ठेवतो आणि मी शेवटी बोलतो, कारण साहेब आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात.

एका दिवसाच्या प्रशिक्षणावर मात्र फार विसंबू नका. त्याने विषय समजतो, सवय बदलत नाही. संगणकावर घेतली जाणारी, शब्द-चित्रांच्या जोड्या लावण्याच्या वेगावरून नकळत कल मोजणारी इम्प्लिसिट असोसिएशन टेस्टही अवश्य देऊन पाहा, पण एकाच व्यक्तीचा निकाल वेगवेगळ्या वेळी वेगळा येऊ शकतो, त्यामुळे तिच्यावरून स्वतःला किंवा इतरांना शिक्का मारू नये.

मला सर्वांत उपयोगी पडली ती एक साधी एक्सेल शीट: मोठे काम कोणते, कोणाला दिले, कोणाला विचारले, त्या व्यक्तीने काय उत्तर दिले. तिसरा रकाना रिकामा असेल, तर काम सोपवण्याआधी मी उठून त्या व्यक्तीच्या टेबलाशी जातो.