यकृतात गाठ निघाली, आता मांजरीला झोपवायचं का?

ठाण्यात कासारवडवलीला राहणाऱ्या एका काकूंचा प्रश्न होता : "सोनोग्राफीत मनीच्या लिव्हरवर पाच सेंटिमीटरची गाठ दिसली. मुलगा म्हणतो, हाल नकोत, इंजेक्शनने कायमची झोपवून टाकू." मनी 12 वर्षांची. वजन 4.2 किलोवरून 3.4 वर आलेलं, उलट्या, आणि चार दिवस पोटात जवळजवळ काही नाही.

हे शेवटचं काकूंनी जाता जाता सांगितलं, पण घाई त्याचीच होती. मांजर उपाशी राहिलं की अंगावरची चरबी यकृतात साचते आणि मूळ आजारावर दुसरा चढतो. 3.4 किलोच्या मांजरीला दिवसाला किमान 175 किलोकॅलरी लागतात. सिरिंजने कोंबलं तर अन्न फुप्फुसात जातं. त्यापेक्षा नाकातून नळी बरी. पहिल्या दिवशी एक तृतीयांश, मग तीन दिवसांत पूर्ण.

आता गाठ. आकारावरून काहीच ठरत नाही. मांजरांत यकृतातच सुरू होणारा कॅन्सर कमी दिसतो. पित्तनलिकेच्या गाठी त्यातल्या त्यात जास्त, पण त्यातल्या बऱ्याच पाण्याने भरलेल्या, साध्या असतात. यकृतपेशींचा कॅन्सर यकृताच्या एकाच खंडात, म्हणजे एकाच भागात, असेल तर तो खंड काढून मांजर वर्ष-दोन वर्षंही जगू शकतं. पित्तनलिकेचा कॅन्सर मात्र लवकर पसरतो. ऑपरेशननंतरही बहुतेकदा काही महिनेच. म्हणून छातीचा एक्स-रे आणि सुईने पेशींची तपासणी आधी, निर्णय नंतर. पित्त अडलं की व्हिटॅमिन के शोषलं जात नाही, रक्त गोठत नाही. सुई घालण्याआधी गोठण्याची चाचणी करायलाच हवी. सुईत पुरेशा पेशी आल्या नाहीत तर बायोप्सी, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणी.

"कोरड्या खाण्यामुळे झालं का?" तसा पुरावा नाही. घरातल्या दुसऱ्या मांजराला लागण? नाही.

मनीचा रिपोर्ट वाईट आला : पित्तनलिकेचा कॅन्सर, दोन-तीन खंडांत. ऑपरेशनचा विषय संपला. उलटीचं आणि वेदनेचं औषध डॉक्टरांनी दिलं. घरातली पॅरासिटामॉल द्यायची नाही, हे मुलाला वेगळं बजावावं लागलं. मांजराला एक गोळीही जीवघेणी ठरते. रोज तीन गोष्टी लिहायच्या ठरल्या : स्वतःहून खाल्लं का, लिटर बॉक्सपर्यंत गेली का, अंग चाटलं का. सलग दोन दिवस तिन्हींना 'नाही' आलं की तिला झोपवायला डॉक्टरांना घरी बोलवायचं. त्यांच्याशी आधीच बोलून ठेवलं, कारण संध्याकाळच्या घोडबंदर रोडवर धापा टाकणारी मांजर पिंजऱ्यात घेऊन अडकणं हेच तिचे खरे हाल.