बायपासनंतर गुंतागुंत झालेल्या वडिलांना पुनर्वसन केंद्रात ठेवावे की थेट घरी आणावे? खर्च किती येतो?

आपल्या वडिलांची बायपासची जखम चिघळली, ते बारा दिवस व्हेंटिलेटरवर होते, आता डॉक्टर महिनाभर पुनर्वसन केंद्रात ठेवा म्हणत आहेत आणि काका-आत्यांचा मात्र घरी आणण्याचा आग्रह आहे, असे आपण लिहिले आहे. केंद्रात ठेवा. इतक्या ठामपणे सांगतो, कारण २०१९ साली माझ्या बायपासनंतर आमच्या घरात हाच वाद झाला आणि माझे मेहुणे तो अजूनही मिटू देत नाहीत.

मी औसा तालुक्यातला, किल्लारी पट्ट्यातला निवृत्त शिक्षक. आमच्याकडे ‘पुनर्वसन’ म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर दुसऱ्या जागी वसवलेले गाव. त्या शब्दाला दुसरा अर्थ नाही. डॉक्टरांनी तो उच्चारताच मेहुणे म्हणाले, “दाजी, आपलं एकदा पुनर्वसन झालंय की, आता आणखी कुठं चाललाव?” पुढे गावात मास्तर दारू सोडायला गेल्याची बोलवाही उठली, कारण केंद्र म्हटले की लोकांना व्यसनमुक्तीच आठवते. मी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्लेली नाही.

छत्रपती संभाजीनगरला माझी शस्त्रक्रिया झाली. चौदा वर्षांचा मधुमेह होता, त्यामुळे अकराव्या दिवशी छातीवरचे टाके ओले दिसू लागले आणि ताप चढला. छातीचे मधले हाड पुन्हा उघडून ते बांधलेल्या तारा काढल्या, सडलेला भाग खरवडला आणि छातीचाच स्नायू वळवून तो खड्डा भरला. त्यानंतर नऊ दिवस मी व्हेंटिलेटरवर होतो. नळी निघाल्यावरही भ्रम गेला नव्हता. इमारत हलते आहे, पोरांना बाहेर काढा, असे मी रात्रभर ओरडत होतो, असे पत्नी सांगते. नीट शुद्धीवर आलो तेव्हा मांडी दंडाएवढी झाली होती आणि उशीवरून मान उचलण्याचेही त्राण नव्हते.

मेहुण्यांचा बेत तयार होता. पडवीत बाज टाकायची, सकाळ-संध्याकाळ तेलाने रगडायचे, खारीक-खोबरे आणि तूप खाऊ घालायचे. महिन्याभरात माणूस उभा राहतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही, पण सैल सुंभाच्या बाजेवरून कसे उठतात ते आठवून पाहा. माणूस मधल्या झोळात रुततो आणि दोन्ही हातांनी माचवा धरून स्वतःला वर ओढतो. छातीचे हाड कापलेल्या रुग्णाला नेमके हेच करायचे नसते, कारण हातांवर जोर दिला की तो ताण थेट त्या हाडावर येतो. सरळ शस्त्रक्रियेतसुद्धा ते हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि माझे तर दुसऱ्यांदा उघडलेले होते.

केंद्रात पहिले चार दिवस मला फक्त उठायला शिकवले. आधी कुशीवर वळायचे, मग दोन्ही पाय पलंगाखाली सोडायचे, त्या वजनाने धड आपोआप उचलले जाते, आणि या सगळ्यात हात छातीवर घडी घातलेले. खोकला आला की उशी छातीशी कवटाळून खोकायचे. तीन चेंडूंचे श्वासाचे यंत्र दर तासाला ओढायचे, म्हणजे श्वास आत ओढून त्यातले चेंडू वर उचलायचे. तिसरा चेंडू मी विसाव्या दिवशी उचलला, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या जालन्याच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. चालताना बोलता आले पाहिजे, धाप लागून बोलणे तुटले की थांबायचे, असा नियम होता. एकट्याने बोलायचे तरी काय, म्हणून मी पावकी, निमकी, दिडकी असे अपूर्णांकांचे जुने पाढे म्हणत चालू लागलो. पहिल्या आठवड्यात पावकी निम्म्यावर तुटायची. निघण्याच्या दिवशी दिडकी पुरी झाली. सहा मिनिटांच्या चालण्यात पहिल्यांदा ९० मीटर आणि पाच आठवड्यांनी ३१० मीटर अशी नोंद माझ्या कागदावर आहे. मेहुण्यांना तो कागद मी दोनदा दाखवला आहे.

एका संध्याकाळी पायजम्याची नाडी बांधता येईना, म्हणून मी लहान मुलासारखा रडलो. हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मन असे खचणे अगदी नेहमीचे आहे, हे तिथल्या सिस्टरनी समजावून सांगितले. घरी असतो तर भेटायला आलेल्या चाळीस माणसांनी ‘धीर धरा मास्तर’ म्हणत बिस्किटांचे पुडे ठेवले असते, तेही मधुमेह्याच्या उशाशी.

“हे सगळं घरीही झालं असतं, दाजी,” असे मेहुणे यंदाच्या येळवशीलाही, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतातल्या जेवणालाही, म्हणाले. तेव्हा मी दोन किलोमीटर चालत शेतात आलो होतो आणि कडब्याच्या कोपीजवळ मांडी घालून भज्जी-आंबील घेत होतो. या कार्यक्रमाला मी चालत येऊ शकलो याचे श्रेय कोणाला, यावर आमचे जेवण थंड झाले.

आता खर्चाचे. माझे पैसे निवृत्तीच्या रकमेतून गेले आणि मुलाने हातभार लावला. जुना आकडा सांगून आपला गोंधळ वाढवण्यात अर्थ नाही. फक्त दिवसाच्या दरात औषधे, ड्रेसिंग आणि व्यायामतज्ज्ञ धरले आहेत की नाही, हे आधी लेखी घ्या. नाव पुनर्वसनाचे आणि आत नुसती खाटांची रांग, अशीही ठिकाणे असतात. रोज व्यायाम घेणारा फिजिओथेरपिस्ट, ऑक्सिजन, हृदयाचे ठोके दाखवणारा मॉनिटर, शॉक देण्याचे यंत्र आणि हाकेला येणारा डॉक्टर, यांतले एक जरी नसेल तर पुढे चला. मला मानवले ते सर्वांना लागेलच असेही नाही. गुंतागुंत न होता जे आठवड्याभरात चालू लागतात, त्यांना घरी राहून व्यायामापुरते रुग्णालयात जाणे पुरते. वडिलांची जखम अजून वाहत असेल, तर जागा बदलण्याआधी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना ती दाखवा.

आणि नेणारच असाल तर पुढून उघडणारे सदरे व इलॅस्टिकचे पायजमे न्या. नाडीचे नकोत.