छोट्या जहाजावर कंटाळा येईल का?

प्रश्न: आईबाबांना घेऊन छोट्या एक्स्पिडिशन जहाजाने अंटार्क्टिकाला जायचंय. तिथे कसिनो, शो काहीच नसतं म्हणे, मग दिवसभर करायचं काय?

उत्तर: अहो, कंटाळायला वेळच कुठे मिळतो! अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या उशुआया बंदरातून निघालं की साधारण दोन दिवस ड्रेक पॅसेज, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकामधला समुद्र, तिथे समुद्र खवळला तर ताटंसुद्धा सरकतात, म्हणून उलटीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून मळमळायच्या आधीच घ्या. पुढे रबरी झोडिॲक बोटीतून किनाऱ्यावर. एका वेळी १००च लोक उतरू शकतात, त्यामुळे लहान जहाजावर नंबर पटकन लागतो. बूट दरवेळी घासून धुवायचे, पेंग्विनपासून ५ मीटर लांब राहायचं (तोच जवळ आला तर तुम्ही काय करणार!). टाइमटेबल मात्र विसरा, बर्फ-वारा बघून ऐनवेळी बदलतं. बाबांचे गुडघे कसे आहेत? झोडिॲकमध्ये चढउतार करावी लागते.