देवमासा पाहायचा तर आधी पक्ष्यांकडे लक्ष ठेवा

प्रश्न : येत्या उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलीकडे बॉस्टनला जाणार आहोत. यजमानांना पक्षिनिरीक्षणाचा नाद आहे आणि मला देवमासा एकदा तरी प्रत्यक्ष पाहायचा आहे. बोटीच्या एकाच फेरीत दोन्ही साधेल का? मला बोट लागते. शिवाय अशा बोटींमुळे देवमाशांना त्रास होतो, असेही ऐकले आहे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्ही नक्की साधेल, कारण त्या समुद्रात पक्षी आणि देवमासे एकाच भक्ष्यामागे येतात. बॉस्टनच्या पूर्वेला, केप ॲन आणि केप कॉड या दोन भूशिरांच्या मध्ये, पाण्याखाली स्टेलवॅगन बँक नावाचा वाळूचा विस्तीर्ण उंचवटा आहे. त्याच्या माथ्यावर पाणी साधारण तीस-पस्तीस मीटरच खोल असल्यामुळे भरती-ओहोटीचे प्रवाह त्याच्या कडेला आपटून तळचे पोषक पाणी वर आणतात, त्यावर प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) पोसले जाते आणि प्लवकावर सँड लान्स हा बोटाएवढा सडपातळ मासा जगतो. याच माशासाठी हम्पबॅक देवमासे हिवाळ्यातील कॅरिबियन समुद्र सोडून एवढ्या उत्तरेला येतात. हा प्रदेश 1992 पासून राष्ट्रीय सागरी अभयारण्य आहे.

पक्ष्यांना दुय्यम मानू नये, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. हम्पबॅक खालून बुडबुड्यांचे कडे सोडून मासे कोंडतो, तेव्हा तो वर येण्याआधीच पक्षी त्या जागी गोळा होऊ लागतात. म्हणून पाण्यावर थवा घिरट्या घालताना दिसला की नजर तिथेच ठेवावी. यजमानांनी ग्रेट शिअरवॉटर अवश्य शोधावा. डोक्यावर गडद टोपी, मानेवर पांढरा पट्टा आणि ताठ पंखांनी लाटेला जवळजवळ घासत जाणारी झेप, ही त्याची ओळख. दक्षिण अटलांटिकमधील ट्रिस्टन द कून्या आणि गॉफ या बेटांवर पिल्ले वाढवून हा पक्षी तिकडचा हिवाळा टाळण्यासाठी इथवर येतो. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल तर चिमणीहून थोडाच मोठा, काळपट, कमरेवर पांढरा पट्टा असलेला. लांब पाय लोंबते सोडून पाण्यावर पावले टेकवत तो अन्नकण टिपतो. त्याची वीण अंटार्क्टिकाकडे होते, आणि पावसाळ्याच्या आसपास तो आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून दूर, अरबी समुद्रातही आढळतो.

जुलै-ऑगस्ट हा काळ दोहोंसाठी उत्तम. बॉस्टनहून निघणारी फेरी साधारण साडेतीन-चार तासांची असते. मात्र केप कॉडच्या टोकावरील प्रॉव्हिन्सटाउन या गावाहून उंचवट्याचे दक्षिण टोक फार जवळ असल्याने, तिथे मुक्काम जमत असल्यास मी तीच फेरी निवडीन. हम्पबॅक बुडी मारताना शेपूट वर उचलतो, तेव्हा तिची खालची बाजू नीट पाहावी : तिथली काळ्या-पांढऱ्या रंगाची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते आणि तिच्यावरून अभ्यासक एकेका देवमाशाला वर्षानुवर्षे ओळखतात. 1970 च्या दशकात पाठीवरच्या पांढऱ्या डागांमुळे ‘सॉल्ट’ असे नाव मिळालेली मादी पुढे अनेक पिल्लांसह याच पाण्यात परतत राहिली.

त्रासाबद्दलची आपली शंका योग्य आहे. बोटींची गर्दी आणि आवाज यांचा उपद्रव होतोच, परंतु प्राणघातक धोका प्रामुख्याने जहाजांच्या धडकेचा आणि मासेमारीच्या दोरांत अडकण्याचा आहे. धडका कमी व्हाव्यात म्हणून 2007 मध्ये बॉस्टनकडे जाणारा जहाजांचा मार्गच थोडा वळवण्यात आला. अत्यंत दुर्मीळ झालेल्या राइट व्हेलपासून किमान 500 यार्ड, म्हणजे सुमारे 457 मीटर, दूर राहणे कायद्याने बंधनकारक आहे. बोट निवडताना ती वेग कमी ठेवते का आणि सोबत निसर्गअभ्यासक असतो का, हे मुलीला आधी विचारून घ्यायला सांगावे. तशी बोट असेल तर निःशंक जावे.

बोट लागू नये यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी निघण्यापूर्वीच घ्यावी, रिकाम्या पोटी जाऊ नये, आणि केबिनमध्ये न बसता खालच्या डेकवर मध्यभागी, क्षितिजाकडे पाहत उभे राहावे. शहरात उकाडा असला तरी समुद्रावर थंडी वाजते. स्वेटर आणि वारा अडवणारे जाकीट जवळ असू द्यावे. यजमानांनी दुर्बीण आठ पटींची न्यावी, कारण हलत्या डेकवर त्याहून अधिक शक्तीच्या दुर्बिणीत पक्षी स्थिर दिसत नाही.