आबांचा निजाम आणि नातीचा निजाम

इंग्लंडहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. थोडे संक्षिप्त करून येथे देतो.

“आम्ही बारा वर्षांपासून इकडे आहोत. सासरचे गाव नळदुर्गजवळ, म्हणजे जुन्या हैदराबाद संस्थानात आहे. चौदा वर्षांच्या मुलीला शाळेत दुसऱ्या महायुद्धावर प्रकल्प करायचा होता. तिने ब्रिटिश हवाई दलाची १५२ (हैदराबाद) स्क्वॉड्रन हा विषय निवडला, कारण ‘हैदराबादचा राजा म्हणजे आपलाच राजा’ असे तिला वाटले. रविवारी व्हिडिओ कॉलवर तिने मोठ्या हौसेने निजामाचा फोटो आबांना दाखवला. आबा नऊ वर्षांचे असताना रझाकारीत, म्हणजे निजामाच्या बाजूच्या रझाकार टोळ्यांच्या धुमाकुळात, घरच्यांबरोबर रातोरात बैलगाडीने सोलापूरला गेले होते. त्यांनी फोटो पाहिला आणि एक अक्षर न बोलता मोबाइल बाजेवर पालथा ठेवला. बराच वेळ आम्हाला स्क्रीनवर नुसता अंधार दिसत होता आणि अंगणातल्या शेळीचा आवाज तेवढा येत होता. तेव्हापासून तीन रविवार ते नातीशी धड बोललेले नाहीत. मुलीची जिवलग मैत्रीण हैदराबादच्या मुसलमान कुटुंबातील आहे. त्यांच्या दिवाणखान्यात निजामाची तसबीर आहे आणि तो फार दानशूर होता असे ते सांगतात. मुलगी विचारते, ‘खरे कोण सांगतेय?’ मी काय सांगू?”

ताई, तुमच्या मुलीच्या हातून काहीही चुकलेले नाही आणि आबांच्याही हातून चुकलेले नाही, हे आधी दोघांनाही सांगा. सातवा निजाम मीर उस्मान अली खान २४ फेब्रुवारी १९६७ रोजी वारला. त्याच्या अंत्ययात्रेला हैदराबादेत अफाट गर्दी लोटली होती आणि ते अश्रू खोटे नव्हते. त्याच माणसाचे नाव निघाले की आमच्या मराठवाड्यात आजही एखादी म्हातारी पदराचे टोक तोंडात धरते, आणि तेही खोटे नाही. दोन घरांतील आठवणींपैकी एक निवडायला मुलीला लावू नका. त्या दोन्ही आठवणी ज्या कारभारातून निर्माण झाल्या, तो कारभार तिला दाखवा.

तिच्या प्रकल्पापासूनच सुरुवात करता येईल. १५२ स्क्वॉड्रनच्या बोधचिन्हावर निजामाची दस्तार, म्हणजे त्याचे शिरोभूषण आहे, आणि खाली ब्रीद आहे ‘फेथफुल अलाय’, अर्थात विश्वासू मित्र. पहिल्या महायुद्धातील मदतीबद्दल इंग्रजांनी निजामाला दिलेला हा किताब आहे. दुसऱ्या महायुद्धातही त्याच्या पैशाने विमाने आली आणि ऑस्ट्रेलियाच्या नौदलातील एका विनाशिकेला ‘निजाम’ हे नाव मिळाले. १९४० मध्ये याच स्क्वॉड्रनची स्पिटफायर विमाने डॉर्सेटमधील वॉर्मवेलच्या तळावरून लढली. हिटलरविरुद्धच्या लढ्याला झालेली ही मदत मोलाची होती आणि मुलीने ती अभिमानाने लिहावी. फक्त पुढचा प्रश्न तिने स्वतः विचारावा, की हा पैसा कोठून आला? तो सुमारे एक कोटी साठ लाख रयतेच्या संस्थानातून आला. त्यातील बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलत होते, पण दरबाराची, कचेरीची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. ‘गश्ती निशाण ५३’ या सरकारी परिपत्रकामुळे सभा घ्यायची तर आधी परवानगी काढावी लागे. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर स्थापनेच्या वेळीच बंदी आली. ज्याच्या विमानांनी इंग्लंडवरचे आकाश राखले, त्याच्या स्वतःच्या राज्यात साधे भाषण करायलाही मुभा लागत असे. प्रकल्पात हे दोन परिच्छेद एकाखाली एक आले, तर तिच्या शिक्षकांनाही काही नवे वाचायला मिळेल.

आता मैत्रिणीच्या घरी ऐकलेल्या दानशूरपणाविषयी. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये त्याने स्थापन केले, हे खरे आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेला महाभारताच्या संशोधित आवृत्तीसाठी आणि अतिथिगृहासाठी त्याने देणगी दिली, हेही खरे आहे. आपल्याकडील अजिंठ्याची चित्रे ढासळू लागली होती. तेव्हा त्याच्या पुरातत्त्व खात्याने, गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली, इटलीहून कारागीर आणून ती सावरली. अजिंठ्याला गेलेल्या प्रत्येक मराठी माणसावर त्या खात्याचे ऋण आहे आणि ते मान्य करताना आपण अडखळू नये.

मात्र समाजमाध्यमांवर फिरणारा जो मजकूर सर्वांनाच पाठ असतो, त्याच्यापासून सावध राहा. निजामाने १९६५ च्या युद्धात देशाला पाच हजार किलो सोने दान केले, असे त्यात म्हटलेले असते. प्रत्यक्षात त्याने सरकारच्या सुवर्ण रोख्यांत ४२५ किलो सोने गुंतवले आणि त्यावर साडेसहा टक्के व्याज ठरलेले होते. अडचणीच्या वेळी सोने सरकारच्या हवाली करणे ही चांगली गोष्ट आहे, पण गुंतवणूक आणि दान हे दोन वेगळे शब्द आहेत. आपल्या बाजूचेही असेच मजकूर फिरतात, आणि त्यांत मेलेल्यांचे आकडे दर सप्टेंबरात वाढत जातात. तेही मुलीपुढे ठेवण्याआधी तपासून पाहा.

मुलीला कागदावर एक नकाशाही काढायला लावा. उस्मानसागर, निजामसागर, उस्मानिया रुग्णालय आणि उस्मानिया विद्यापीठ ही ठिकाणे तिने त्यावर मांडावीत. सगळे ठिपके हैदराबादेत किंवा तेलंगणात पडतील. औरंगाबादला एक इंटरमिजिएट कॉलेज होते, पण मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळायला १९५८ साल उजाडले. तसबीर हैदराबादच्या दिवाणखान्यात का आणि नळदुर्गच्या ओसरीवर का नाही, याचे निम्मे उत्तर त्या नकाशातच मिळेल. आमच्या भागात मुलांसाठी शाळा काढणारे लोक वेगळे होते. १९२१ मध्ये हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ तेथे शिकवायला आले आणि त्या शाळेच्या सावलीत मुक्तिलढ्याचे कार्यकर्ते घडले.

उरलेले निम्मे उत्तर अधिक कठीण आहे. जून १९४७ मध्ये निजामाने कोणत्याही देशात सामील न होता स्वतंत्र राहण्याचा मनसुबा जाहीर केला. लातूरचा वकील कासीम रझवी याच्या हाती रझाकार संघटना होती. २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे तिच्या जमावाने संस्थानचे पंतप्रधान असलेल्या छतारीच्या नवाबांच्या घराला वेढा घातला. भारताशी होऊ घातलेला करार त्या दिवशी अडला आणि छतारी पायउतार झाले. पुढचे वर्ष आबांनी अंगावर झेलले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरहून निघाले आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतले. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. त्यानंतर आठवड्याच्या आतच रेडिओवरून त्याने सांगितले, की रझवीच्या टोळीने हिटलरी पद्धतीने राज्य बळकावले आणि आपल्याला पूर्णपणे असहाय केले.

हे ‘असहाय’ खरे मानायचे का? माझ्या मते त्यात तथ्य आहे, पण ते फार तर शेवटच्या अकरा महिन्यांपुरते. तो १९११ मध्ये गादीवर आला. त्या अकरा महिन्यांआधीची छत्तीस वर्षे फर्मानाच्या एका ओळीने काहीही होऊ शकत होते, आणि त्या काळात त्याने रयतेला खरे अधिकार असलेले सभागृह दिले नाही, बोलू पाहणाऱ्यांना तुरुंगात घातले. रझवीला आवरण्याची वेळ आली, तेव्हा निजामामागे उभे राहणारे संघटित लोकमतच उरलेले नव्हते, कारण ते त्यानेच उगवू दिले नव्हते. सत्तेवरच्या माणसाची असहायता त्याच्या कारभारातूनच आली असेल, तर तिचाही जाब त्यालाच द्यावा लागतो. विद्यापीठ आणि अजिंठा एका पारड्यात, जळालेली घरे दुसऱ्या पारड्यात, असा तराजू मला म्हणूनच पटत नाही. दवाखाना बांधला म्हणून प्रेते वजा होत नाहीत. जे चांगले आहे ते त्याच्या नावावर पूर्ण राहू द्यावे आणि जे वाईट आहे तेही पूर्ण राहू द्यावे.

कोणी म्हणेल, ‘मरणान्तानि वैराणि’, मग आता उकरून काढायचे कशाला? रामाने बिभीषणाला हे सांगितले ते रावणाच्या अंत्यसंस्कारासाठी. वैर संपले, म्हणून देहाला अग्नी मिळाला. पण रावणाने काय केले होते, ते सांगायचे काही वाल्मीकींनी थांबवले नाही.

मैत्रिणीच्या बाबतीत मात्र तुम्ही स्वतः पुढाकार घ्यावा. आपल्या घरांत ‘निजाम’ म्हणता म्हणता बोलणे कधी ‘मुसलमानां’वर घसरते, ते कळतही नाही. ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान मुसलमानच होते. सात प्रतिष्ठित मुसलमानांनी रझाकारांविरुद्ध काढलेले निवेदन त्यांनी छापले आणि ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी हैदराबादच्या रस्त्यावर त्यांचा खून केला, त्यांचे हात तोडले. हे नाव दोन्ही मुलींना माहीत असले पाहिजे. दुसरी गोष्ट सांगताना माझाही हात जड होतो, पण ती टाळून चालणार नाही. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे सप्टेंबर १९४८ च्या त्या लष्करी कारवाईनंतर, गावोगावी निरपराध मुसलमानांची कत्तल झाली. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड ही नावे लिहिली. तो अहवाल कित्येक दशके दडून राहिला. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी जीव धोक्यात घालून मुसलमान विणकरांना वाचवल्याची नोंदही त्यात आहे. मैत्रिणीच्या पणजोबांच्या आठवणीतील १९४८ कदाचित हे असेल. रझाकारांच्या पापामुळे हे पाप धुतले जात नाही आणि ह्यामुळे ते धुतले जात नाही. तुमच्या मुलीने मैत्रिणीला तिच्या घरच्यांनी काय सोसले ते विचारले, तर तसबिरीवरचा वाद बहुधा आपोआप बाजूला पडेल.

माझ्या आजीच्या पत्र्याच्या डब्यात हाली शिक्क्याचा, म्हणजे निजामाच्या चलनातला, एक रुपया होता. त्यावर चारमिनार कोरलेला होता आणि त्याच्या कमानीत उस्मानच्या नावाचे ‘ऐन’ हे अक्षर होते. रझाकारीत तिच्या माहेरचे धान्याचे कणगे जळाले होते, तरी तो रुपया तिने मोडला नाही की फेकला नाही. लहानपणी मी तिला विचारले, तर ती म्हणाली, “निजामाचा नाही रे तो, माझ्या बापाचा आहे. एक अख्खा हंगाम राबला होता त्याच्यासाठी.” त्या रुपयावर नाव कोणाचे आहे, हे तिला चांगले ठाऊक होते.

आबांशी बोलायचे तर निजामापासून सुरुवात करू नका. ‘निजाम कसा होता?’ हा प्रश्न विचारला, की ते एका वाक्यात निकाल देतील आणि मोबाइल पुन्हा पालथा होईल. त्यांना त्या रात्रीचे बारीक तपशील विचारा. बैलांची नावे काय होती, गळ्यातल्या घुंगरांत चिंध्या कोंबल्या होत्या का, गाडीत आईने काय घेतले आणि काय मागे ठेवले, मोगलाईची, म्हणजे निजामाच्या मुलखाची, हद्द ओलांडली हे लहान मुलांना कशावरून कळले, सोलापुरात कोणी आसरा दिला, परत आल्यावर घराची कडी कोणी काढली, हे विचारा. गावातील मुसलमान घरांचे पुढे काय झाले, हेही विचारा, पण ते दुसऱ्या-तिसऱ्या वेळी, आणि ते गप्प झाले तर त्यांना गप्प राहू द्या. वयाच्या या टप्प्यावर एका वेळी वीस मिनिटे पुरेत. मुलीने ऐकता ऐकता मराठीत टिपून घ्यावे. अशुद्ध झाले तरी हरकत नाही, नंतर तुम्ही दोघी मिळून नीट करा.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारले आहे, की प्रकल्पात जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद लिहावे की धाराशिव. २०२३ मध्ये नाव बदलले, म्हणून आजच्या संदर्भात धाराशिव लिहावे. १९४८ ची हकीकत लिहिताना मात्र उस्मानाबाद लिहावे आणि ते उस्मान कोणाचे, हे एका ओळीत खाली सांगावे. बोधचिन्हाचे चित्र त्याच पानावर लावले तर बरे होईल. पान पूर्ण झाले, की पुढच्या रविवारी ते आबांना वाचून दाखवावे, मात्र त्याआधी बैलांची नावे विचारून झालेली असावीत.